कूड : गोव्यातील खेड्यांचे मुंबईतील क्लब

'क्लब' हा शब्द कानी पडला म्हणजे पत्त्यांची टेबले, टेनिसचे मैदान आणि साहेबी थाट आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु साष्टी किंवा बार्देश तालुक्यातील एखाद्या वृद्ध ख्रिस्ती खलाशापुढे हा शब्द उच्चारला, तर त्याला आठवते ती मुंबईतील एक लांबट खोली. तिथे भिंतीलगत सभासदांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असत आणि एका बाजूस वेदीवर गावच्या संताची मूर्ती असे. शहरात तिचे नाव 'अमुक गावाचा क्लब'. घरच्या बोलीत मात्र ती 'कूड'. एका लहानशा खेड्याने परक्या शहरात आपल्यासाठी उभारलेली ही संस्था आज विसरली जात आहे, म्हणून तिचा थोडा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत कामट्यांवर माती लिंपून केलेली भिंत म्हणजे कूड, आणि कुडी म्हणजे देह. कोंकणीत 'कूड' हा एकच शब्द देह आणि खोली या दोन्ही अर्थांनी चालतो. या शब्दांचे मूळ एकच आहे की काय, याचा निवाडा आम्ही व्युत्पत्तिकारांवर सोपवतो. एवढे मात्र खरे की, गावापासून दूर गेलेल्या माणसाला गावाचा देह लाभावा, हेच कार्य या खोल्यांनी केले.

एकोणिसाव्या शतकात गोव्यातून मुंबईकडे माणसांचा ओघ सुरू झाला, तो पोटासाठी. गोव्यात शेती थोडी व उद्योग नाहीत अशी स्थिती होती. त्यातच 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला आणि एक जुना धंदा खालावला. आगबोटींवर आचारी, भांडारी, सेवक म्हणून, तसेच शहरात वादक, शिंपी, कारकून म्हणून गोवेकरांना काम मिळू लागले. खलाशाचे जीवन असे की, काही महिने समुद्रावर काढावेत आणि मग पुढची बोट मिळेपर्यंत बंदरात थांबावे. या मधल्या काळात त्याने राहावे कोठे? एकाच गावच्या मंडळींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी, हे त्यावर निघालेले साधे उत्तर होते. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत अशा खोल्या वाढत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची संख्या तीनशेहून अधिक झाली.

कुडीचा कारभार पाहिला म्हणजे आश्चर्य वाटते. सभासदाने अल्प वर्गणी द्यावी. त्याबद्दल त्याला पेटी ठेवण्यापुरती व रात्री पथारी टाकण्यापुरती जागा मिळे. तो समुद्रावर गेला तरी पेटी तिथेच राही. सभासदांनी निवडलेले पदाधिकारी हिशेब ठेवीत आणि शिस्त राखीत. सायंकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेस हजर असलेल्या प्रत्येकाने बसलेच पाहिजे, असा दंडक असे. मद्य व जुगार यांस सामान्यतः मनाई असे. ग्रामसंताचा उत्सव दरवर्षी साजरा होई. आजारी सभासदाची शुश्रूषा आणि मृताची अंत्यक्रिया ही गावाचीच जबाबदारी मानली जाई. नवख्या पोराला बोटीवर काम मिळवून देण्याची खटपटही येथूनच चाले.

ही शिस्त आली कोठून? आमच्या मते तिचे बीज गावातच होते. गोव्यातील गावकारी, म्हणजे जमिनीचा सामाईक कारभार पाहणारी ग्रामसंस्था, पोर्तुगीजांच्याही पूर्वीची आहे. तिच्या रूढींची नोंद पोर्तुगीजांनी 1526 च्या सनदेत केली. सामाईक मालमत्ता राखण्याची व बैठकीत निर्णय घेण्याची सवय ज्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती, त्यांना शहरात खोली चालवणे अवघड गेले नाही. पण गावाबरोबर गावाचे दोषही आले. काही गावांत जातीजातींचे क्लब निराळे होते, आणि ही संस्था बहुतांशी पुरुषांचीच राहिली. हे दोष झाकून गौरव करणे आम्हांस इष्ट वाटत नाही.

मुंबईतील या गोवेकर वस्तीनेच कोंकणी तियात्राला जन्म दिला. 17 एप्रिल 1892 रोजी पहिला तियात्र मुंबईत रंगभूमीवर आला. गावाबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या बोलीला रंगमंच मिळवून दिला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर मराठी जोपासणाऱ्या आपणा सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

हा प्रकार केवळ ख्रिस्ती गोवेकरांपुरता नव्हता. रत्नागिरीकडील गिरणी-कामगारही लालबाग-परळच्या चाळींत गावच्या नावाने खोल्या घेऊन राहत. पाळीप्रमाणे झोपत, खाणावळीत जेवत, रात्री भजन करीत आणि ग्रामस्थ मंडळामार्फत गावच्या देवळासाठी, शाळेसाठी वर्गणी गोळा करीत. 1982 च्या गिरणी संपानंतर त्यातील अनेकांची मुंबई सुटली. वेदी आणि देव्हारा निराळे, पण खोलीमागील विचार एकच.

कुडी आजही पूर्णपणे मिटलेल्या नाहीत. बोटीची वाट पाहणारे तरुण काही ठिकाणी अजून उतरतात. परंतु आखाती देशांची वाट खुली झाल्यापासून मुंबईची गरज कमी झाली, आणि जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे सत्र चालू आहे. इमारतीबरोबर सभासदांच्या नावनिशीच्या वह्या, जमाखर्च व सभांचे वृत्तांत रद्दीत जातील, ही आमची खरी चिंता आहे. राजांच्या सनदा जपणारे पुष्कळ आहेत. आचाऱ्याने भरलेल्या चार आण्यांची नोंद जपणारा कोणी नाही. वास्तविक सामान्य माणसाचा इतिहास अशा नोंदींतच असतो.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींस आमची विनंती आहे. आपल्या गावचे कोणी अशा कुडीत किंवा चाळीतील खोलीत राहिले असल्यास विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे. तेथले नियम, शब्द व दिनक्रम त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावेत. एखादी वही हाती लागल्यास तिची नक्कल करून ठेवावी. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत, आणि हे काम त्यांच्या हयातीतच व्हावयास हवे.