औषध झाडाचंच आहे, मग काढा का नको?

मागच्या भागानंतर एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या आईची केमो सुरू आहे. ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, "हे औषध झाडाच्या सालीचंच असतं. मग सालीचा काढाच द्या की, सलाईन कशाला?" ताई विचारतायत, यात चूक काय? मी रसायनशास्त्र शिकलोय, म्हणून आजचा भाग याच प्रश्नावर.

आधी समुद्रात जाऊ. स्पंज हा प्राणी आहे. त्याला पाय नाहीत, दात नाहीत. खडकाला चिकटून जन्म काढायचा. मग शत्रूपासून वाचायचं कसं? रसायनांनी! काही तो स्वतः बनवतो, काही त्याच्या अंगात राहणारे जीवाणू. म्हणजे ही रसायनं आपल्यासाठी बनलेलीच नाहीत, ती आहेत हत्यारं. हे लक्षात ठेवा.

१९८६ साली जपानच्या हिराता आणि उएमुरा यांनी अशाच एका स्पंजमधून हॅलिकॉन्ड्रिन बी मिळवल्याचं जाहीर केलं. कॅन्सरच्या पेशींवर ते जबरदस्त चालत होतं. पण ६०० किलो स्पंजमधून हाती किती लागलं? १२.५ मिलिग्रॅम. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं! या हिशेबाने औषध बनवायचं तर समुद्रतळ खरवडून काढावा लागला असता.

वाट काढली ती रसायनशास्त्रज्ञांनी. १९९२ मध्ये हार्वर्डच्या किशी यांच्या गटाने हा अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत बनवला. मग कळलं की काम करायला त्याचा अर्धा भाग पुरतो. त्या अर्ध्यावरून एरिब्युलिन तयार झालं. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. ते बनवायला साठेक रासायनिक पायऱ्या लागतात, पण स्पंज एकही लागत नाही.

आता झाडं. इथे आपला माणूस येतो. मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी दोन मोठे रेणू शोधले. पहिला, चीनमधल्या एका झाडातला कॅम्प्टोथेसिन, १९६६ साली. दुसरा टॅक्सॉल, पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतला. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. साल काढली की झाड मरतं. पुढे यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून त्यापासून टॅक्सॉल बनवता आलं. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कॅम्प्टोथेसिनमध्ये आहे. सुरुवातीला त्याचं पाण्यात विरघळणारं रूप रुग्णांना दिलं. मूत्राशयाला इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान बनली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये दोन्ही औषधं अमेरिकेत मान्य झाली. तीस वर्षं लागली, मंडळी!

म्हणजे काढ्याचा घोटाळा असा. सालीत रेणू किती हे ठाऊक नाही. शरीरात किती जाईल, ठाऊक नाही. सोबत दुसरं काय जाईल, तेही नाही. यूच्या झाडात तर हृदयावर घात करणारी विषं आहेत. आणि हॉस्पिटलमधली मात्रा रुग्णाची उंची-वजन धरून मिलिग्रॅममध्ये मोजतात. ती वाटीने मोजता येत नाही.

आणखी एक. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही आहे. त्यापायी त्याची चोरटी तोड होते. म्हणून कुणी "कॅन्सरवरचं लाकूड" विकायला आलं, तर घेऊ नका. रुग्णाचंही भलं नाही, जंगलाचंही.

ताई, केमो डॉक्टर सांगतील तशी पूर्ण करा. काढ्याबद्दल मनात काही असेल तर लपवू नका, त्यांनाच विचारा. आईंना लवकर बरं वाटो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!