एलियाहूचा टापा

मेल्यावर माणसाचे काय होते, यावर यहुदी धर्मात एकमत कधीच नव्हते. मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजे तोरा, याबाबत जवळजवळ मुकेच आहेत. जुन्या वचनांत ‘शेओल’ हे मृतांचे जग भेटते. पण तिथे ना सुख ना शिक्षा, बरेवाईट सगळे एकाच अंधारात. मेलेले पुन्हा उठतील, असे स्पष्ट येते ते दानिएलच्या ग्रंथात. पुढे यहुद्यांच्या दोन पंथांपैकी सदूकींनी ते साफ नाकारले, परूशींनी उचलून धरले. इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडले, सदूकी संपले आणि परूशींचे मत रोजच्या प्रार्थनेत जाऊन बसले.

वाद मात्र मिटला नाही. तत्त्वज्ञ मैमोनिदिसने (1138–1204) पुनरुत्थान आपल्या 13 तत्त्वांत घातले, तरी अखेरचे सुख देहाविना आत्म्याचेच, असेही त्याने मांडले. 10व्या शतकात धर्मपंडित सादिया गाओनने पुनर्जन्माची कल्पना झिडकारली. पुढच्या काबाला या गूढपंथाच्या अनुयायांनी तीच ‘गिलगुल’ म्हणून कवटाळली. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. 1885 मध्ये अमेरिकेतल्या सुधारकांनी पिट्सबर्गला देहाचे पुनरुत्थान आणि स्वर्ग-नरक दोन्ही वगळले, आत्म्याचे अमरत्व तेवढे ठेवले.

रीतिरिवाजात मात्र हिशेब चोख असतो. पापी जीव जास्तीत जास्त 12 महिने गेहिन्नोममध्ये, म्हणजे नरकात, शुद्ध होतो, असे रब्बी मानत. म्हणून बापासाठी ‘कद्दीश’ ही शोकप्रार्थना अनेक ठिकाणी 11 महिनेच म्हणतात. पूर्ण वर्ष म्हटले तर तो पापी होता, अशी कबुलीच झाली! गंमत म्हणजे कद्दीशमध्ये मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची थोरवी.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची आख्यायिका आहे. बुडालेल्यांना तिथेच पुरल्याचे सांगतात. हिब्रू विसरलेल्या, तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यांनी’ ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता आणि शनिवारचा शब्बाथ सोडला नाही. शास्त्रार्थाचे वाद त्यांच्यापर्यंत फारसे पोचले नसावेत. पण एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, त्यांच्या घराघरांत आहे.

तो मेलाच नाही, अग्निरथातून जिवंत वर गेला, असे बायबल सांगते. तो परतला की मसीहा येईल आणि मेलेले उठतील, ही परंपरेची आशा. खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, तिला ‘टापा’ म्हणतात. हे खंडाळे अलिबागजवळचे. लोणावळ्याजवळच्या घाटातले नव्हे. नवस फिटला की ‘मलिदा’ होतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वर फळे, आणि ताटाभोवती एलियाहूच्या नावाची गाणी.