घड्याळ एका क्षणात फिरते, शरीर नाही

जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजले की घड्याळ एकदम तीन दाखवते. मधला तास त्या दिवशी नसतोच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटे होते. तीन वाजले की पुन्हा दोन वाजतात आणि तोच तास दुसऱ्यांदा येतो. म्हणजे वर्षात एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा.

हे कशासाठी? आपल्याकडे हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या दिवसात दोन-अडीच तासांचा फरक पडतो. बर्लिनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो, तर जूनचा जवळजवळ १७ तासांचा असतो. घड्याळ पुढे केले नाही, तर जूनमध्ये तिथे पहाटे पावणेचारलाच सूर्य उगवेल. लोक झोपलेले असताना वाया जाणारा तो उजेड संध्याकाळी वापरावा, हा हेतू. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने हे सुरू केले. पुढे बंद झाले आणि १९८० पासून पुन्हा सुरू झाले.

पण शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदू ते लावून घेतो. मार्चमध्ये झोपेचा एक तास जातो आणि शरीराला जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. स्वीडनमधल्या २००८ च्या एका अभ्यासात या बदलानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके थोडे वाढलेले दिसले.

मी स्वतः रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणून मला वॉर्डातल्या नर्सचा विचार आधी येतो. मार्चमधली तिची रात्र एका तासाने कमी होते, ऑक्टोबरमधली एका तासाने वाढते. समजा, रात्री बाराला इंजेक्शन दिले आणि पुढचे बरोबर सहा तासांनी द्यायचे आहे. मार्चच्या त्या रात्री ते घड्याळात सातला येते, ऑक्टोबरच्या रात्री पाचला. काटा न बघता तास मोजावे लागतात. ऑक्टोबरमध्ये रात्रीचे अडीच दोनदा वाजतात, म्हणून नोंदीत गोंधळ नको यासाठी जर्मनीत पहिल्या तासाला ‘२ए’ आणि दुसऱ्याला ‘२बी’ म्हणतात.

ही पद्धत बंद करावी, असे युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये मत दिले. पण देशांचे एकमत झाले नाही, त्यामुळे ती चालूच आहे. आपले कोणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला असेल, तर लक्षात ठेवा: जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार.

आपल्याकडे घड्याळ कोणी सरकवत नाही. पण वॉचमन, सफाई कामगार, आया, नर्स यांची पाळी बदलते तेव्हा शरीराला एका नव्हे, आठ-आठ तासांचा धक्का बसतो. म्हणून रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आळशी म्हणू नका. खिडकीला जाड कापड लावा, टीव्हीचा आवाज कमी करा आणि त्याला सलग झोपू द्या. बीपी, साखर किंवा फिटची गोळी चालू असेल, तर पाळी बदलल्यावर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या.