तळ्यात ऑइल ओतण्याआधी चतुर पाहा

पावसाळा आला की डासांची तक्रार सुरू होते. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर काही मंडळींनी सुचवले, "फादर, शिवारातल्या तळ्यात जळके ऑइल ओतू या." मी म्हटले, आधी काठावर जाऊन तेथे कोण राहतो ते पाहू.

लव्हाळ्याच्या शेंड्यावर एक चतुर बसला होता. मुले त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. पंख आडवे पसरून बसतो तो चतुर. बहुधा पंख पाठीवर मिटून बसते ती बारीक टाचणी. हा चतुर ओळखणे सोपे आहे. डोळे हिरवे, छाती पिवळसर हिरवी व तिच्यावर काळे पट्टे. पोट मुळाशी फुगीर, मध्ये काडीसारखे बारीक, टोकाकडे काळे. नर-मादी सारखीच दिसतात. शास्त्रीय नाव ऑर्थेट्रम सबिना. इंग्रजी नावाचा अर्थ दलदलीतला हिरवा ससाणा. नाव शोभतेही, कारण लहान कीटक, फुलपाखरे, इतकेच काय, दुसरे चतुरही तो पकडून खातो. माणसाला मात्र नांगी मारत नाही.

आपल्या बेळगाव-खानापूरकडची भातखाचरे, तळी, गवताळ डबकी ही त्याची वस्ती. मादी पाण्यात अंडी घालते. पिल्लू पाण्यातच वाढते आणि खालचा ओठ झटकन पुढे काढून डासांच्या अळ्या पकडते. वाढ झाली की काडीवर चढून कात टाकते. उडणारा चतुर दुरूनही आलेला असेल. पण काडीला रिकामी कात दिसली, तर चतुर याच पाण्यात वाढतात असे समजावे. आम्हाला तशा कात दिसल्या.

ऑइल ओतले तर अळ्यांबरोबर त्यांना खाणारेही मरतील. डास लवकर परत येतील, चतुर उशिरा. शिवाय तेच पाणी गुरे पितात.

तरी सगळा भार चतुरावर टाकू नये. डेंग्यूचा डास तळ्यात नव्हे, घराजवळच्या पिंपात व टायरात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून:

१. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी घासून कोरडी करा. पिंपाला फडके बांधा.
२. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका.
३. काठचे सगळे गवत कापू नका.
४. ताप आल्यास रक्त तपासून घ्या.

मंडळींनी ऑइलचा डबा परत नेला. येत्या शनिवारी आपापल्या वाड्यातली पिंपे तपासू. निर्मात्याने तळ्यावर राखणदार ठेवला आहे; अंगणाची राखण आपल्याकडे आहे.