डिग्री आणि खाकी : दोन्ही एकाच कॉलेजात मिळतात का?

'पोलिसात जायचंय, तर अशी एखादी डिग्री नाही का, जिच्यातच पोलीस अकॅडमीचं ट्रेनिंग असतं?' हा प्रश्न आमच्या हॉस्टेलवर दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच. यंदा आमच्या विंगमधला एक मित्र तर इंजिनीअरिंग अर्धवट सोडून असा कोर्स शोधायच्या विचारात आहे. डोक्यावर एज्युकेशन लोन, घरी अजून पत्ता नाही. म्हणून म्हटलं, या विषयाची नीट माहिती काढूनच लिहावं. (माझी मराठी कॉन्व्हेंटची आहे, सांभाळून घ्या!)

अशी सोय जगात आहे का? आहे. पण तिचे दोन प्रकार आहेत, आणि सगळी गोम त्या फरकात आहे.

पहिला प्रकार : आधी निवड, मग डिग्री. जर्मनीत किंवा नॉर्वेत पोलिसांची स्वतःची उच्च शिक्षणाची कॉलेजेस आहेत. तिथे कडक परीक्षा आणि शारीरिक चाचणी देऊन प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांत बॅचलर डिग्री व पोलीस प्रशिक्षण एकत्रच होतं. जर्मनीत तर या काळात पगारही मिळतो.

दुसरा प्रकार : आधी डिग्री, मग नोकरीचा शोध. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पोलीस व्हायला किमान दोन वर्षांची कॉलेज डिग्री लागते आणि ठरावीक प्रशिक्षणही कॉलेजमार्फतच पूर्ण करता येतं. पण फी विद्यार्थ्याची, आणि नोकरीही त्यानेच शोधायची. म्हणजे पहिल्या प्रकारात धोका सरकार पत्करतं, दुसऱ्यात विद्यार्थी.

आता आपल्याकडे या. पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातच आहे, फक्त ते पोलिसांचं नाही. खडकवासल्याची एनडीए! बारावीनंतर यूपीएससीची परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत, मग तीन वर्षं. त्या तीन वर्षांत ड्रिल, घोडेस्वारी, पोहणं आणि सोबत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची डिग्री. मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडीही तिथून बाहेर पडली, १७ जणी होत्या. हे सगळं पाहूनच बहुतेकांना वाटतं, की पोलिसांसाठीही असंच काहीतरी असणार.

पण महाराष्ट्र पोलिसांत तसं नाही. इथे डिग्री आणि अकॅडमी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आणि मध्ये स्पर्धा परीक्षेचा बोगदा आहे. पीएसआय व्हायचं असेल तर आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते. बीई, बीए, बीकॉम सगळं चालतं. मग एमपीएससीची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत. उंची मुलांना किमान १६५ सेंमी, मुलींना १५७ सेंमी. यातून निवड झाली की मगच नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत ट्रेनिंग. ते सरकारी खर्चाने होतं. कायदा, तपास, न्यायवैद्यक शास्त्र, शस्त्रं, परेड असं सगळं त्यात येतं. आयपीएसचाही क्रम हाच : पदवी, यूपीएससी, मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम, मग हैदराबादची राष्ट्रीय पोलीस अकादमी.

गंमत म्हणजे नाशिकच्या अकादमीचं मूळ पुण्यातलं आहे. १९०२ साली नेमलेल्या फ्रेझर कमिशनने पोलिसांच्या प्रशिक्षणावर भर दिला, आणि १९०६ मध्ये भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, पोलीस ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. १९०९ मध्ये ते नाशिकला हललं. नाहीतर आज आपल्याला एफसी रोडवर कॅडेट दिसले असते!

मग 'पोलीस'चं नाव असलेल्या डिग्र्या नाहीतच का? आहेत. गुजरात सरकारने २००९ मध्ये रक्षा शक्ती विद्यापीठ काढलं. २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झालं. गांधीनगरजवळच्या या विद्यापीठात पोलीस प्रशासन, अंतर्गत सुरक्षा असे विषय शिकता येतात. शिक्षण म्हणून ते चांगलंच आहे. पण तिथली डिग्री घेतली म्हणून थेट खाकी मिळत नाही; भरती परीक्षा द्यावीच लागते. तेव्हा कुठलीही जाहिरात 'डिग्रीसोबत पोलीस ट्रेनिंग' म्हणत असेल तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : 'हा कोर्स झाल्यावर माझी नेमणूक कोण करणार?' उत्तर गोलगोल आलं तर सरळ मागे फिरा.

आता आपल्या कामाची गोष्ट. इंजिनीअरिंग वाया जातं का? उलट आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद त्यात आहे. ती राज्यांनी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. मोबाइल, पेन ड्राइव्हमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे काय हे आपण ओरलच्या आदल्या रात्री पाठ करतो. पोलीस स्टेशनात ते खरोखर कळणारा माणूस लागतो.

तेव्हा ज्यांच्या मनात खाकी आहे, त्यांनी डिग्री सोडू नये. ती या रस्त्याचं तिकीटच आहे. शेवटच्या वर्षात असतानाही एमपीएससीची पूर्व परीक्षा देता येते, मुख्य परीक्षेपर्यंत मात्र पदवी हातात हवी. म्हणजे बॅकलॉग काढणं हीसुद्धा पोलीस भरतीचीच तयारी समजा. बाकी राहिलं धावणं. त्याला ना कॉलेज लागतं, ना फी. पहाटे साडेपाचला ग्राउंड रिकामंच असतं, आणि मेसचा चहा साडेसातशिवाय मिळत नाही. मधले दोन तास तुमचेच आहेत!