जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक : आधी काय बदलायचं?

एक गाडी समोर धरून बोललं तर विषय सोपा जाईल, म्हणून आम्ही एमजी टीडी निवडली आहे. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत इंग्लंडमध्ये बनलेली ही दोन माणसांची, उघडी गाडी. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत या टी मालिकेतली एखादी एमजी दिसतेच. साडेबाराशे सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक. तुमच्याकडे एमजी नसेल, जुनी फियाट अकराशे असेल, तरी उठून जाऊ नका. तिलाही चारही चाकांना ड्रमच आहेत आणि पुढचं बहुतेक सगळं तिला लागू पडतं.

आमच्याकडे लोक येतात ते एकच वाक्य घेऊन : “डिस्क बसवून द्या.” का, असं विचारलं की उत्तर येतं, ब्रेक लागत नाही. पण ब्रेक लागत नाही म्हणजे नक्की काय होतं? पेडल खाली जातं, गाडी एका बाजूला ओढते, पेडल दगडासारखं घट्ट लागतं, की आधी छान लागून नंतर लागेनासा होतो? ही चार वेगळी दुखणी आहेत. डिस्क हे त्यातल्या शेवटच्याच दुखण्यावरचं औषध.

ते शेवटचं दुखणं आधी बघू. इथून बाहेर पडलं की द्वारका सर्कल. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता तिथे भेटतात. गर्दीच्या वेळी दर पन्नास फुटांवर थांबावं लागतं, पण वेग इतका कमी की ब्रेक धड कोमटही होत नाहीत. तीच गाडी मुंबईच्या दिशेने काढा, घोटी-इगतपुरी मागे टाका आणि कसारा घाट उतरायला लागा. आता हिशेब बदलतो.

ब्रेक करतो काय, तर गाडीची गती घेतो आणि तिची उष्णता करतो. गाडी माणसांसकट हजार किलोची धरा. ताशी ८० किलोमीटरवरून ती पूर्ण थांबवली, तर साधारण २५० किलोज्यूल उष्णता तयार होते. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत ढोबळमानाने ३०० मीटरचा फरक आहे. तेवढं खाली उतरताना हीच गाडी जवळजवळ २,९०० किलोज्यूल सोडते. म्हणजे ८० च्या वेगावरून लागोपाठ बारा वेळा करकचून थांबण्याइतकं! चारही ड्रमचं मिळून २० किलो लोखंड धरलं, तर एका थांबण्याने ते २५-३० अंशांनी तापतं. अख्ख्या घाटाची उष्णता त्यातच राहिली तर तापमान ३०० अंशांहून जास्त चढेल. अर्थात सगळी राहत नाही, बरीचशी इंजिन आणि वारा नेतात. पण न्यूट्रलमध्ये उतरलात, तर इंजिनाचा वाटा तुम्हीच काढून घेतला ना?

ड्रम तापला की फुगतो. शू आतून दाबत असतात, त्यामुळे ड्रम त्यांच्यापासून लांब जातो आणि पेडल आणखी खाली जातं. लायनर तापला की त्याची पकडही कमी होते. यालाच ब्रेक फेड होणं म्हणतात. टीडीच्या पुढच्या ड्रममधले दोन्ही शू फिरत्या ड्रमसोबत आपोआप आत ओढले जातात, म्हणून बूस्टर नसताना पायाला हलकं जातं. गंमत अशी, की पायाचा जोर जो गुण वाढवून देतो, तोच लायनर ढिला पडला की झालेलं नुकसानही वाढवून देतो. रिव्हर्समध्ये तर हे पुढचे ब्रेक निम्मेशिम्मेच लागतात, हे चढावर मागे घसरताना लक्षात येतं.

डिस्कचं उलट आहे. चकती उघडी, वाऱ्यात. तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांनी डनलॉपच्या डिस्क लावून पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक घेतला. वेगात त्या सगळ्यांच्या पुढे होत्या असं नाही, पण शेवटच्या तासालाही त्यांचे ब्रेक पहिल्या तासासारखे लागत होते. एमजीनेही १९५९ मध्ये एमजीए १६०० ला आणि १९६२ मध्ये एमजीबीला पुढे डिस्क दिल्या.

पण एक गोष्ट नीट ऐका. ब्रेक थंड असताना, एकदाच, करकचून थांबायचं असेल तर डिस्कने अंतर फारसं कमी होत नाही. चांगल्या स्थितीतला ड्रमही चाक लॉक करू शकतो, आणि चाक लॉक झालं की पुढचा निर्णय टायरचा. दहा वर्षं जुना, कडक झालेला टायर ठेवून वर नवीन डिस्क बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग आधी काय? आमचा क्रम लोकांना आवडत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. पहिला खर्च ब्रेक ऑइल आणि होजचा. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि इगतपुरीचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची हीच मर्यादा २३० आणि १५५. उकळलं की ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. घाटातल्या “ब्रेक फेल”च्या गोष्टींत हे जुनं ऑइल वरचेवर सापडतं. वर्ष-दोन वर्षांनी ते बदलून, चारही चाकांची हवा काढून घ्यायला अर्धा दिवस लागतो. रबरी होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून सुजलेला असू शकतो, म्हणून वय झालं की बदलायचाच.

दुसरा खर्च मास्टर सिलिंडरचा. टीडीला एकच हायड्रॉलिक सर्किट आहे. एखादा होज फुटला, एका व्हील सिलिंडरचं रबर गेलं, की चारही ब्रेक गेले. उरतो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं ते यासाठीच. जुन्या गाडीला दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी करणं ही आमच्या मते सगळ्यांत मोलाची सुधारणा. बॉनेट उघडल्यावरही ती कुणाच्या नजरेत भरत नाही, तो भाग सोडा.

फक्त माप चुकवू नका. पाऊण इंची सिलिंडर काढून सात-अष्टमांश इंची लावला, तर पेडल कमी खाली जाईल, पण तेवढाच ब्रेक लागायला पायाला ३६ टक्के जास्त जोर लागेल. मग माणूस म्हणतो, नवीन घातलं आणि ब्रेक बिघडला.

एवढं झाल्यावर डिस्क, आणि त्या पुढेच. जोरात ब्रेक लागला की हजार किलोच्या अशा गाडीत पावणेदोनशे किलोच्या आसपास भार मागून पुढे जातो. मागची चाकं हलकी होतात. ती पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणून मागे मोठे ब्रेक लावायचा मोह टाळा, आणि पुढे डिस्क लावल्यावर मागचे ड्रम जास्त तर लागत नाहीत ना, हे तपासा. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो हवा असतो. डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड कायम घासत राहतात. हा व्हॉल्व्ह काढायचा राहून गेला, की चाक तापण्याचं कारण शोधण्यात आठवडा जातो.

डिस्कला ड्रमसारखी आपोआप ओढ नसते, म्हणून पायाला जोर जास्त लागतो आणि बहुतेक जण बूस्टर लावतात. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची जी जुनी सवय आहे, ती इथे जीवावर बेतेल. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो.

कायद्याचं थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ नंबरवर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी; चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल चालत नाही. म्हणून ब्रॅकेट असा करा की चॅसिसला एकही नवं भोक पडणार नाही, आणि काढलेले ड्रम तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. ते काढताना आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

काम झाल्यावर आधी रिकाम्या, सपाट रस्त्यावर कमी वेगापासून सुरुवात करून पॅड बसू द्या. मग कसारा घाट, दुसऱ्या गिअरमध्ये. खाली गाडी बाजूला घ्या आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. पुढची दोन चाकं सारखीच तापलेली हवीत. एक थंड असेल तर त्या बाजूचा पिस्टन अडकलाय. आणि मागचे ड्रम गरम असताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. ते निवताना आकसून शूवर घट्ट बसतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.