पडदा का उघडत नाही? ‘अपग्रेडनंतर’ आणि ‘अपग्रेडमुळे’

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे आपण कशाच्या बळावर म्हणतो, असा तो विषय होता. शेवटी एका श्रोत्याने लिहून विचारलं, “सर, हे सगळं ठीक आहे, पण रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी आज माझ्याच संगणकावर घडलेल्या एका बिघाडातून देणार आहे. तुमच्यापैकी अनेकांनी विंडोज 10 वरून विंडोज 11 केलं असेल. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा बऱ्याच जणांना ते करावंच लागलं. त्यामुळे हा बिघाड तुम्हाला अगदीच परका वाटणार नाही.

झालं असं. अपग्रेड रात्री पूर्ण झालं. सकाळी मी लेखनाचा माझा नेहमीचा प्रोग्रॅम उघडायला गेलो. त्याचं स्वागताचं चित्र, ज्याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात, ते आलं आणि तिथेच थांबलं. चहा करून आलो तरी तेच. दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, “काका, अपग्रेडमुळे झालंय. फॉरमॅट मारावं लागेल.”

लेखांची फारशी काळजी नव्हती, त्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर होत्या. पण त्या प्रोग्रॅममध्ये एक व्यक्तिगत शब्दकोश असतो. शब्द लाल रेघेने अधोरेखित झाला की ‘कोशात घाला’ म्हणायचं, एवढंच. अकरा वर्षं त्यात तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतले शब्द जमा होत होते. त्यातले निम्मे माझ्या एका सहकाऱ्याने घातलेले. ते आज नाहीत. त्या कोशाची प्रत मी कधीच काढली नव्हती. म्हणजे ‘फॉरमॅट’ या एका शब्दात ते सगळं जाणार होतं. तेव्हा मी म्हटलं, थांबा. आधी ‘मुळे’ सिद्ध करू.

पडद्यामागे काय चालतं

स्प्लॅश स्क्रीन म्हणजे नाटकाचा पडदा समजा. तिसरी घंटा झाली, पडद्यावर दिवे पडले, पण पडदा वर जात नाही. प्रेक्षक म्हणतो, “पडदा बिघडला.” प्रत्यक्षात पडदा ठाकठीक असतो. नट आलेला नसेल, नेपथ्याचं दार अडकलं असेल, दिव्यांची फ्यूज गेली असेल.

प्रोग्रॅम सुरू होताना ते चित्र आधी दाखवलं जातं, कारण बाकीच्या तयारीला वेळ लागतो. तोवर मागे बरीच कामं चालतात. प्रोग्रॅमचे भाग मेमरीत येतात, तुमच्या वैयक्तिक सेटिंग्ज वाचल्या जातात, फॉन्ट मोजले जातात, ग्राफिक्सची जुळवाजुळव होते, मागाहून जोडलेली एक्स्टेन्शन्स चालू होतात. काही प्रोग्रॅम प्रिंटरलाही हाक मारून पाहतात. यातलं एक काम अडलं, की चित्र तसंच राहतं.

पण तो पडदा दिसला, ही गोष्टसुद्धा पुरावाच आहे, हे लक्षात घ्या. ॲपलने 2019 साली मॅकओएस कॅटलिना आणलं, तेव्हा 32 बिटचे जुने प्रोग्रॅम चालणं बंद झालं. तिथे अपग्रेड हेच खरं कारण होतं, पण तिथे प्रोग्रॅम मुळात सुरूच होत नाही. आपल्याकडे चित्र दिसलं, म्हणजे नव्या विंडोजने प्रोग्रॅमला दारातून आत घेतलं होतं. अडथळा पुढे कुठेतरी होता.

आधी पाहा, मग हात लावा

पहिल्या तीन गोष्टींत काहीही बदलायचं नाही, फक्त निरीक्षण करायचं.

पहिली गोष्ट, वाट पाहा. अपग्रेडनंतर पहिल्यांदा उघडताना काही प्रोग्रॅम फॉन्टची यादी नव्याने करतात. पाच-दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

दुसरी, ऑल्ट दाबून धरा आणि टॅब दाबा. पुष्कळदा त्या चित्राच्या मागे एखादी छोटी चौकट लपलेली असते. ‘मागच्या वेळची फाइल परत मिळवू का?’ असं ती विचारत असते. प्रोग्रॅम तुमच्या उत्तरासाठी थांबलेला असतो आणि तुम्ही त्याच्यासाठी. माझ्याकडे तशी चौकट नव्हती.

तिसरी, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोग्रॅमच्या ओळीत सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघा. आकडे हलत असतील तर तो काम करतोय, त्याला आणखी वेळ द्या. माझ्याकडे सीपीयू 0 टक्के होता, आणि तो 0 च राहिला. म्हणजे प्रोग्रॅम काम करत नव्हता, कशाची तरी वाट पाहत होता. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एका वेळी एकच बदल

आता आपलं शास्त्र येतं. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असते तेव्हा दुसरी असते, आणि ती नसते तेव्हा दुसरीही नसते, अशी दोन्ही अंगांनी तपासणी करायची. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदाची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच. बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला, आणि परिणाम बदलतो का ते पाहा. दुकानात याच्या उलट होतं. ड्रायव्हर बदलला, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, अँटीव्हायरस काढला. चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही.

मी विंडोजवर दुसरं वापरकर्ता खातं तयार केलं आणि त्यातून तोच प्रोग्रॅम उघडला. चार सेकंदांत उघडला! विंडोज तेच, प्रोग्रॅम तोच, यंत्र तेच. फरक एकच, नव्या खात्यात माझ्या वैयक्तिक सेटिंग्ज नव्हत्या. दोष तिथे होता. फॉरमॅट करण्याचं कारण एवढ्यावरच संपलं.

(कोणाच्या प्रोग्रॅममध्ये ‘सेफ मोड’ असेल तर तोही हीच परीक्षा करतो. लिबर ऑफिसमध्ये तो 5.3 या आवृत्तीपासून आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड कंट्रोल दाबून धरून उघडलं, की सेफ मोडबद्दल विचारतं.)

या सेटिंग्ज बहुतेक वेळा एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. विंडोजचं बटण आणि आर दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत ॲपडेटा लिहा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह द्या, आणि एंटर करा. तिथे प्रोग्रॅमच्या नावाचं फोल्डर सापडतं. आधी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि मूळ फोल्डरचं नाव बदला. पुसू नका, फक्त नाव बदला. पुसलेलं परत येत नाही, बदललेलं नाव परत देता येतं. शब्दकोश तिथेच होता. तो पेनड्राइव्हवर गेला तेव्हा मी पहिल्यांदा पाठ टेकून बसलो.

नाव बदलल्यावर माझ्या खात्यातही प्रोग्रॅम उघडला. मग जुनं फोल्डर परत जागेवर ठेवलं आणि त्यातली एक्स्टेन्शन्स एकेक करून बाजूला काढली. चार होती. तिसरं काढलं आणि पडदा वर गेला. ते परत घातलं, पुन्हा अडकला. काढलं, उघडला. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला.

हे एक्स्टेन्शन संदर्भसूची करण्यासाठी मी घेतलेलं. सुरू होताना ते इंटरनेटवरच्या आपल्या सर्व्हरला विचारणा करत होतं, आणि समोरून उत्तर येत नव्हतं. किती वेळ थांबायचं, हे त्यात ठरवलेलंच नसावं. सीपीयू 0 का होता, ते आता कळलं. खात्रीसाठी मी वायफाय बंद केलं. संपर्कच नाही म्हटल्यावर ते एक्स्टेन्शन लगेच गप्प बसलं, आणि प्रोग्रॅम उघडला.

मग अपग्रेडचा दोष किती?

इथे माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता सॉफ्टवेअरमध्येच आहे, म्हणाली, “सर, हे एक्स्टेन्शन घातलं कधी?” फोल्डरवरची तारीख पाहिली, तर अपग्रेडच्या बारा दिवस आधीची! मग बारा दिवस प्रोग्रॅम कसा चालला?

उत्तर थोडं लाजिरवाणं आहे. एक्स्टेन्शन घालताना सूचना आली होती, ‘प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा’. मी ‘नंतर’ म्हटलं. मी प्रोग्रॅम कधी बंदच करत नाही, लॅपटॉपचं झाकण लावतो आणि उठतो. बारा दिवसांत तो प्रोग्रॅम नव्याने सुरूच झाला नव्हता. अपग्रेडने सगळं बंद केलं, आणि ते ‘नंतर’ दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

तरी मी तिला म्हटलं, अपग्रेड निर्दोष आहे हेही सिद्ध व्हायला हवं. तिच्याकडे विंडोज 10 चं जुनं यंत्र होतं. त्यावर तोच प्रोग्रॅम आणि तेच एक्स्टेन्शन घातलं, बंद करून उघडलं, आणि तिथेही पडदा अडकला. अपग्रेड नसतानाही तोच परिणाम. खटला निकालात निघाला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो. पण इथे नुसता योगायोग नव्हता, अपग्रेडचा काहीतरी संबंध होता. तो नेमका सांगायला न्यायदर्शनाने एक फार उपयोगी शब्द दिलेला आहे, उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे चूक, तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो इंधन ओलं असेल तर. ओलं इंधन ही तिथली उपाधी. माझ्या बाबतीत अपग्रेड हा अग्नी होता, आणि ओलं सरपण बारा दिवस आधी मीच चुलीत ठेवलं होतं.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याने विचारलं, “पण अपग्रेडच खरा दोषी असेल तर?” असू शकतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलल्यामुळे प्रोग्रॅम अडकण्याचे प्रकार होतात. त्याची खूण अशी, की नव्या खात्यातही तो तसाच अडकतो. मग ड्रायव्हर आणि प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घालून पाहा, पण एका वेळी एकच. विंडोज 11 मध्ये अपग्रेडनंतर साधारण 10 दिवस मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची सोयही असते. तिच्यासाठी ते 10 दिवस लक्षात ठेवा.

दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, “एवढं करण्यापेक्षा फॉरमॅट सोपं नाही का?” सोपं आहे. माझाही प्रोग्रॅम त्याने चालू झाला असता. आणि मग मी ते एक्स्टेन्शन हौसेने पुन्हा घातलं असतं, ‘नंतर’ म्हटलं असतं, आणि पुढच्या वेळी दोष दुसऱ्या कोणाला तरी दिला असता. शब्दकोश मात्र गेलाच असता.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या प्रोग्रॅमचं ते लपलेलं फोल्डर शोधा आणि त्याची एक प्रत काढून ठेवा. त्याला पाच मिनिटं लागतात. पुढच्या व्याख्यानात आपण हेत्वाभासांकडे वळू. नमस्कार.